वजनरहित अवस्थेत वस्तू कशा हलतात? स्कायलॅबच्या अंतर्भागापासून एस्परन्सच्या माळरानापर्यंत

अंतराळस्थानकातून येणाऱ्या चित्रफितींमध्ये पेन, चमचा किंवा पाण्याचा गोळा हवेत तरंगताना दिसतो, आणि ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसते’ असा समज पाहणाऱ्याच्या मनात सहज घर करतो. हा समज चुकीचा आहे. त्याचा सर्वांत ठोस पुरावा पश्चिम ऑस्ट्रेलियातील एस्परन्स या किनारी गावाच्या संग्रहालयात पाहायला मिळतो. तिथे अमेरिकेच्या स्कायलॅब या अवकाशस्थानकाचे जळके, वाकलेले अवशेष मांडून ठेवले आहेत. १९७३-७४ मध्ये याच स्थानकात अंतराळवीर आणि त्यांच्या वस्तू मुक्तपणे तरंगत होत्या. १२ जुलै १९७९ रोजी, स्थानिक वेळेनुसार मध्यरात्र उलटल्यावर, ते स्थानकच तुकड्यातुकड्यांनी या भागात कोसळले. कक्षेत गुरुत्वाकर्षण नसते, तर ते खाली आलेच नसते.

‘स्कायलॅब कुठे पडणार’ या धास्तीने त्या पावसाळ्यात महाराष्ट्रातही चर्चेला ऊत आला होता. परंतु ते पडले का, हे समजण्यासाठी आधी त्याच्या आतल्या वस्तू का तरंगत होत्या हे समजून घ्यावे लागते. ही दोन्ही उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

वजन नाही, गुरुत्वाकर्षण आहे

स्कायलॅब पृथ्वीपासून सुमारे ४३५ किलोमीटर उंचीवर फिरत असे. या उंचीवर पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण जमिनीवरील गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ८८ टक्के असते. एखाद्याने तितक्या उंचीचा मनोरा बांधून त्याच्या माथ्यावर वजनकाटा ठेवला, तर पन्नास किलोचे पोते तिथे चव्वेचाळीस किलोच्या आसपास भरेल. ते तरंगू लागणार नाही.

तरंगण्याचे कारण उंची नसून वेग आहे. आपण अशी कल्पना करू की कळसूबाईच्या शिखरावर तोफ आहे आणि वाटेत हवेचा अडथळा नाही. गोळा जितक्या वेगाने सुटेल तितका तो दूर जाऊन पडेल. वेग पुरेसा वाढवला की गोळा जितका खाली येतो, तितकीच पृथ्वीची गोल पाठ त्याच्याखालून वळत जाते. गोळा सतत पडत राहतो, पण जमिनीला कधीच लागत नाही. न्यूटनने सतराव्या शतकात मांडलेला हा विचार म्हणजेच कक्षेची व्याख्या होय. स्कायलॅबचे आकडे घेतले तर ते एका सेकंदात सुमारे ७.६५ किलोमीटर पुढे जात असे आणि त्याच सेकंदात सरळ रेषेच्या तुलनेत सुमारे ४.३ मीटर पृथ्वीकडे पडत असे. तेवढ्या अंतरात पृथ्वीभोवतीच्या त्या वर्तुळाची वक्रताही नेमकी तेवढीच भरते.

यान, अंतराळवीर, पेन आणि पाणी हे सारे एकाच त्वरणाने एकत्र पडत असतात. पेनाखालचा मजला पेनाबरोबरच पडतो, म्हणून पेन त्यावर दाब देऊ शकत नाही. वजन म्हणजे आधाराने दिलेला दाब असे मानले, तर इथे आधारच उरत नाही. म्हणून वजन शून्य होते, वस्तुमान मात्र जसेच्या तसे राहते.

ही अवस्था निर्माण करण्यासाठी अंतराळात जाण्याचीही गरज नसते. ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये त्यासाठी एक मनोरा आहे. त्यात प्रयोगाची पेटी सुमारे वीस मीटर खाली सोडली जाते. पडताना मिळणारी दोन सेकंदांची वजनरहित अवस्था पदार्थ आणि ज्वलन यांच्या अभ्यासासाठी वापरली जाते. प्रयोगाची पेटी दुसऱ्या एका आवरणाच्या आत पडते. हवेचा रोध बाहेरचे आवरण सोसते आणि आतली पेटी जवळजवळ निर्वेधपणे पडत राहते. पेटी आणि आवरण यांतील हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे अंतराळयानाच्या बाबतीतही तोच दिसून येईल.

ढकललेली वस्तू आणि हरवलेली वस्तू

वजनरहित अवस्थेत हलके ढकललेले पेन सरळ रेषेत, जवळजवळ एकाच वेगाने जाते आणि समोरच्या भिंतीवर आदळून परत फिरते. जमिनीवर फेकलेल्या वस्तूचा मार्ग बाकदार होतो, तो इथे होत नाही. त्यामुळे नवख्या अंतराळवीरांचा नेम बहुधा वरच्या बाजूस चुकतो. वस्तू खाली येईल हे आपला हात आयुष्यभराच्या सवयीने गृहीत धरतो आणि नकळत थोडे वर फेकतो.

वस्तू सोडताना हाताला झालेला किंचितसा धक्काही तिला चालना देतो. म्हणून ‘अलगद सोडणे’ हे तिथे शिकावे लागणारे कौशल्य ठरते. शिवाय केबिनमधील हवा स्थिर नसते. वजनरहित अवस्थेत गरम हवा हलकी होऊन वर जात नाही, म्हणून श्वासातून बाहेर पडलेला कार्बन डायॉक्साइड तोंडाभोवतीच साचू नये यासाठी पंख्यांनी हवा सतत खेळती ठेवावी लागते. सुटलेली वस्तू हळूहळू या प्रवाहाच्या दिशेने जाऊ लागते. स्कायलॅबमध्ये हरवलेल्या लहानसहान वस्तू बऱ्याचदा हवा ओढून घेणाऱ्या जाळीवर येऊन चिकटलेल्या सापडत. काही हरवले की आधी तिथे पाहायचे, हे अंतराळवीरांच्या अंगवळणी पडले होते.

माणसाच्या शरीरालाही हेच नियम लागू पडतात. स्कायलॅबचा मुख्य कक्ष साडेसहा मीटरहून अधिक व्यासाचा होता. अशा मोकळ्या जागेच्या मध्यभागी स्थिर झालेल्या माणसाला रेटा देण्यासाठी काही नसेल, तर हातपाय कितीही झाडले तरी तो जागचा फारसा हलत नाही. काम करताना पाय रोवता यावेत म्हणून तिथल्या मजल्याला त्रिकोणी छिद्रांची जाळी होती आणि बुटांच्या तळाला तिच्यात अडकणारे त्रिकोणी खिळे बसवलेले होते. याच कक्षात कडेच्या वर्तुळाकार कपाटांवरून अंतराळवीर गोल धावत असत. धावणाऱ्याला सरळ जाऊ न देता आत वळवणारा कपाटांचा रेटा त्याच्या तळपायांना वजनासारखा जाणवत असे.

वजनाशिवाय वस्तुमान कसे मोजायचे?

वजन नाहीसे झाले तरी जडत्व कायम असते. शंभर किलोची पेटी बोटाने हलवता येते हे खरे, पण तिला वेग द्यायला वेळ लागतो आणि थांबवायलाही तितकाच जोर लागतो. सावकाश सरकणारी अवजड पेटी आणि भिंत यांच्यामध्ये हात सापडला, तर इजा व्हायची ती होतेच.

या जडत्वाचाच उपयोग स्कायलॅबमध्ये वजनकाट्याऐवजी करण्यात आला. अंतराळवीर आणि डॉक्टर विल्यम थॉर्नटन यांनी विकसित केलेल्या यंत्रात माणूस स्प्रिंग लावलेल्या खुर्चीत घट्ट बसत असे. खुर्ची पुढेमागे झुलू लागली की एका झोक्याला लागणारा वेळ मोजला जाई. वस्तुमान जितके जास्त तितका झोका संथ असतो आणि वस्तुमान चौपट झाले तर झोक्याला दुप्पट वेळ लागतो. २८, ५९ आणि ८४ दिवस राहिलेल्या स्कायलॅबच्या तीन चमूंमधील अंतराळवीरांच्या शरीराच्या वस्तुमानात पडणारा फरक याच पद्धतीने नोंदवला गेला.

फिरणाऱ्या वस्तूचे कोलांटणे

वजनरहित अवस्थेतील सर्वांत विलक्षण दृश्य फिरणाऱ्या वस्तूंचे असते. १९८५ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर व्लादिमिर जानिबेकोव्ह सॅल्युत-७ या स्थानकात सामान उघडत होते. आदल्याच वर्षी राकेश शर्मा याच स्थानकात राहून गेले होते. जानिबेकोव्ह यांनी दोन पंखांचा एक नट बोल्टवरून झटक्यात फिरवून सोडला. तो गरगरत सरळ पुढे गेला, मग अचानक कोलांटी घेऊन उलटा झाला, काही क्षण तसाच फिरत राहिला आणि पुन्हा पालटला. कोणी हात लावला नसताना ठरावीक अंतराने ही उलटापालट होत राहिली.

यात गूढ काही नाही. प्रत्येक वस्तूला फिरण्याचे तीन मुख्य अक्ष असतात. एकाभोवती फिरवण्यास जडत्वाचा विरोध सर्वांत कमी, दुसऱ्याभोवती सर्वांत जास्त, तर तिसऱ्याभोवती मधला असतो. पहिल्या दोन अक्षांभोवतीचे फिरणे स्थिर राहते. मधल्या अक्षाभोवतीचे फिरणे अस्थिर असते. त्यात शिरलेला सूक्ष्म डगमग वाढत जाऊन वस्तू उलटी होते. जाड पुस्तकाला रबर लावून हा प्रयोग घरीही करता येतो. पुस्तक आडव्या अक्षाभोवती, म्हणजे त्याची वरची कड खाली आणि खालची कड वर येईल असे, उडवले की ते हातात परत येईपर्यंत कुशीवरही वळलेले असते. घरी पुस्तक एका सेकंदाच्या आत खाली येते, कक्षेत मात्र हे कोलांटणे मिनिटेच्या मिनिटे न्याहाळता येते.

या नियमाकडे दुर्लक्ष झाले तर यानाचे काय होते, हे १९५८ मध्येच कळून चुकले होते. अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१ हा लांबट आकाराचा होता आणि तो लांबीच्या अक्षाभोवती फिरत राहील अशी योजना होती. त्याच्या लवचिक अँटेनांच्या हालचालीत ऊर्जा खर्च होत गेली आणि थोड्याच वेळात तो आडवा होऊन गरगरू लागला. ऊर्जा झिजत असेल, तर सर्वाधिक जडत्वाच्या अक्षाभोवतीचे फिरणेच अखेर टिकते, हा धडा त्यातून मिळाला.

संथ सरकणे

आतापर्यंत आपण सारे काही एकत्र पडते असे मानले. बारकाईने पाहिल्यास ते पूर्णपणे खरे नाही. यानाचा केवळ वस्तुमानमध्यच अचूकपणे कक्षेत पडत असतो. त्याच्या वर, खाली किंवा बाजूला असलेली प्रत्येक सुटी वस्तू स्वतःच्या किंचित वेगळ्या कक्षेत असते. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाप्रमाणे एकच बाजू सतत पृथ्वीकडे ठेवणाऱ्या यानाचा विचार करू. हवेचा झोत नसेल, तर वस्तुमानमध्याच्या एक मीटर वर स्थिर सोडलेली वस्तू दहा मिनिटांत आणखी सुमारे दोन तृतीयांश मीटर सरकून साधारण १.६५ मीटरपाशी पोहोचते. वर जाता जाता ती मागेही पडते, कारण वरच्या कक्षेचा वेग कमी असतो. खाली सोडलेली वस्तू याउलट आणखी खाली आणि पुढे जाते. कक्षेच्या प्रतलाच्या डावीकडे किंवा उजवीकडे सोडलेली वस्तू मात्र दूर न जाता मध्याकडे येऊ लागते आणि पाव प्रदक्षिणेत, म्हणजे सुमारे तेवीस मिनिटांत, मध्य ओलांडते. हा नुसता भास नसून भरती-ओहोटी घडवणारा गुरुत्वाकर्षणातील फरकच इथे लहान प्रमाणात काम करत असतो. म्हणून शास्त्रज्ञ ‘शून्य गुरुत्व’ म्हणण्याऐवजी ‘सूक्ष्मगुरुत्व’ हा शब्द पसंत करतात.

सरकण्याचे दुसरे कारण यानाच्या बाहेर असते. चारशे किलोमीटरवरही वातावरण पूर्णपणे संपलेले नसते. अतिविरळ हवेचे कण यानावर समोरून आदळत राहतात आणि त्याला अगदी किंचित मागे रेटतात. आत सुटे तरंगणारे पेन या रेट्यापासून सुरक्षित असते. ब्रिस्बेनच्या मनोऱ्यातील आवरण आणि आतली पेटी यांच्यासारखीच ही स्थिती असते. रोध यानाला होतो, पेनाला होत नाही, आणि म्हणून पेन यानाच्या तुलनेत अतिशय संथपणे पुढे सरकू लागते. हा परिणाम जमिनीवरील गुरुत्वाच्या साधारण दहा लाखांश किंवा त्याहून कमी असतो. पंख्याच्या झुळुकीपुढे तो जाणवतही नाही. तरीही तो कधी थांबत नाही.

तोच रोध, स्कायलॅबवर

हा विरळ हवेचा रेटा उपयोगातही आणता येतो. मे १९९६ मध्ये एंडेव्हर या स्पेस शटलमधून ॲडलेडमध्ये जन्मलेले अँडी थॉमस प्रथमच अंतराळात गेले. ॲडलेड विद्यापीठात त्यांनी यांत्रिक अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते आणि प्रवाही पदार्थांची गती हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. त्या मोहिमेत एक छोटा उपग्रह मुद्दाम डगमगत सोडण्यात आला. त्याचे वस्तुमान एका टोकाकडे एकवटलेले होते. हवेचे विरळ कण आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांच्या साहाय्याने तो इंधनाविना, बाणासारखा जड टोक पुढे करून स्थिर होतो का, हे शटलमधून पाहिले गेले.

स्कायलॅबच्या बाबतीत मात्र याच रेट्याने घात केला. शेवटचा चमू ८ फेब्रुवारी १९७४ रोजी परतला, तेव्हा हे स्थानक १९८० च्या दशकापर्यंत कक्षेत टिकेल आणि तोवर स्पेस शटल तयार होऊन त्याला वर ढकलेल असा अंदाज होता. परंतु त्यानंतरच्या वर्षांत सूर्याची सक्रियता अपेक्षेपेक्षा जास्त वाढली. तापलेले वरचे वातावरण फुगले आणि स्कायलॅबच्या वाटेतील हवा दाट झाली. रोधामुळे यान खाली उतरते, आणि खालच्या कक्षेत त्याचा वेग कमी न होता वाढतो. तिथली हवा आणखी दाट असल्याने उतरण्याची गतीही वाढत जाते. शटलचे पहिले उड्डाण एप्रिल १९८१ मध्ये झाले, पण तोपर्यंत स्कायलॅब उरलेच नव्हते.

नियंत्रकांच्या हाती फक्त एकच साधन राहिले होते, ते म्हणजे यानाची बैठक. ७७ टनांचे ते स्थानक हवेला कोणती बाजू दाखवते यावर रोध ठरत होता. शेवटच्या तासांत त्यांनी स्थानकाला गरगरत ठेवून रोध बदलला आणि ते उत्तर अमेरिकेपासून दूर, केप टाउनच्या आग्नेयेस समुद्रात पडेल असा प्रयत्न केला. स्थानक अंदाजापेक्षा उशिरा फुटले. काही तुकडे हिंदी महासागर ओलांडून एस्परन्सपासून बालाडोनियाच्या पलीकडच्या निर्जन माळरानापर्यंत विखुरले. आकाशात आगीचे लोळ दिसले, स्फोटासारखे आवाज झाले, पण कोणालाही इजा झाली नाही. एस्परन्समधील एका सतरा वर्षांच्या मुलाने सापडलेले तुकडे सॅन फ्रान्सिस्कोला नेऊन तिथल्या एका वृत्तपत्राने जाहीर केलेले दहा हजार डॉलरचे बक्षीस मिळवले. एस्परन्सच्या नगरपालिकेने कचरा टाकल्याबद्दल नासाला गमतीने ४०० डॉलरचा दंड ठोठावला. अखेर २००९ मध्ये अमेरिकेतील एका रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून पैसे जमवून तो भरला.

आता वरून काय पडते?

दंडाची ती गोष्ट गमतीची असली तरी तिच्यामागचा प्रश्न गंभीर आहे. स्कायलॅबची कक्षा विषुववृत्ताशी ५० अंशांचा कोन करत होती. त्यामुळे ५० अंश उत्तर ते ५० अंश दक्षिण या पट्ट्यातील कोणत्याही ठिकाणी ते पडू शकले असते, आणि संपूर्ण भारत तसेच संपूर्ण ऑस्ट्रेलिया या पट्ट्यात येतात. विस्तीर्ण आणि विरळ वस्तीच्या या खंडावर त्यानंतरही अवशेष सापडत राहिले. २०२२ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या स्नोई पर्वतराजीतील शेतजमिनींवर स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानाचे तुकडे मिळाले. जुलै २०२३ मध्ये पर्थच्या उत्तरेस ग्रीन हेडच्या समुद्रकिनाऱ्यावर एक मोठे नळकांडे लाटांबरोबर वाहून आले. ते भारताच्या पीएसएलव्ही अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे असावे, असा निष्कर्ष ऑस्ट्रेलियन स्पेस एजन्सीने जाहीर केला. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अंतराळातून पडलेल्या वस्तूने जमिनीवर केलेल्या नुकसानीची जबाबदारी प्रक्षेपण करणाऱ्या देशावर असते. म्हणजे भारतही आता केवळ आकाशाकडे धास्तीने पाहणारा देश राहिलेला नाही, तर उत्तर देणाऱ्यांच्या रांगेतही उभा आहे.

जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला ज्या आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाकडे निघाले, त्यालाही हा रेटा चुकलेला नाही. त्यांच्या यानात वजनरहित अवस्था सुरू होताच ‘जॉय’ नावाचा खेळण्यातला हंस तरंगू लागला होता. ते यान ज्या स्थानकाला जाऊन जोडले गेले, ते मात्र हवेच्या रोधामुळे रोज थोडे खाली येत असते आणि इंजिने चालवून त्याला वेळोवेळी वर उचलावे लागते. ती इंजिने पेटली की आतल्या सुट्या वस्तू मागच्या भिंतीकडे सरकताना दिसतात. वस्तू जिथल्या तिथेच असतात, स्थानक पुढे जात असते.

हे उचलणे एक दिवस थांबवावे लागेल. अँडी थॉमस १९९८ मध्ये सुमारे साडेचार महिने ज्या मीर स्थानकात राहिले, ते २३ मार्च २००१ रोजी इंजिनांच्या साहाय्याने दक्षिण प्रशांत महासागराच्या निर्जन भागात उतरवण्यात आले. चारशे टनांहून जड असलेल्या आंतरराष्ट्रीय स्थानकालाही या दशकाच्या अखेरीनंतर समुद्राच्या अशाच निर्मनुष्य टापूत नेण्याची योजना आहे, आणि त्यासाठी लागणारे खास यान बांधण्याचे काम नासाने २०२४ मध्ये स्पेसएक्सकडे सोपवले. शेवटचा धक्का कुठे आणि किती द्यायचा, हे या वेळी सूर्याच्या मर्जीवर सोडले जाणार नाही.